लॅपटॉपचे बटण दाबल्यावर

लॅपटॉपचे पॉवर बटण वीज तोडत नाही. आपण दाबले गेलो एवढी वर्दी ते देते. पुढे काय करायचे ते ऑपरेटिंग सिस्टिम ठरवते. इंटेल, मायक्रोसॉफ्ट आणि तोशिबा यांनी डिसेंबर १९९६ मध्ये जाहीर केलेल्या एसीपीआय मानकाने ही रीत रुळवली. त्याच मानकात एक आडवाटही आहे: बटण चार सेकंदांहून जास्त दाबून धरले की सिस्टिमला न विचारता यंत्र बंद होते. ही वाट फक्त यंत्र पुरते गोठले असेल तेव्हाची.

दिल्लीत जुना लॅपटॉप घ्यायचा म्हणजे नेहरू प्लेस. कचेऱ्यांतून निघालेली यंत्रे तिथे येतात आणि त्यांवर लिनक्स चांगले चालते. उबुंटू, डेबियन, फेडोरा यांत बटणाची वर्दी सेवा सांभाळणाऱ्या सिस्टिमडीचा लॉगिनडी हा भाग ऐकतो. बटण दाबले तर यंत्र बंद करणे आणि झाकण मिटले तर झोपवणे, हे त्याचे मूळ वर्तन. दुसरा पडदा जोडलेला असेल, तर झाकण मिटल्याकडे लॉगिनडी दुर्लक्ष करतो.

हे बदलायचे तर लॉगिनडीच्या मूळ फाइलला हात लावू नये. ईटीसीखालच्या सिस्टिमडी फोल्डरात 'लॉगिनडी डॉट कॉन्फ डॉट डी' नावाचा फोल्डर करून त्यात स्वतःची छोटी फाइल ठेवावी. अपडेट आले तरी ती टिकते. फाइलच्या डोक्यावर चौकटी कंसात 'लॉगिन' हा मथळा हवाच. तो राहिला, तर खालच्या ओळी वाचल्याच जात नाहीत. बदल लागू करायला यंत्र रीस्टार्ट करणे उत्तम. चालू सत्रात लॉगिनडीच रीस्टार्ट केला, तर उघडे काम जाण्याचा धोका असतो.

इतके करूनही बटण जुन्यासारखेच वागते, आणि नवा माणूस इथेच अडतो. फाइल बरोबर असते, पण ग्नोम किंवा केडीईसारखा डेस्कटॉप सुरू होताच बटण आपल्या ताब्यात घेतो. लॉगिनडीला तो सांगतो, 'हे माझ्याकडे.' याला इनहिबिटर म्हणतात, आणि कोणी काय अडवले आहे ते 'सिस्टिमडी-इनहिबिट' ही आज्ञा दाखवते. यादीत डेस्कटॉपचे नाव दिसले, तर बदल त्याच्याच सेटिंग्जमध्ये, पॉवर विभागात करायचा. लॉगिनडीची फाइल लागू होते ती डेस्कटॉप नसताना. म्हणून दोन्ही जागी सारखाच निर्णय लिहून ठेवणे शहाणपणाचे.

झाकणाचा प्रश्न दिल्लीत जास्त जाचतो. मे महिन्यात पारा चाळिशीपार असतो. झाकण मिटल्यावर 'काही करू नये' असे ठरवून लॅपटॉप पिशवीत घातला आणि मेट्रो पकडली, तर यंत्र आत चालूच राहते. पंख्याला हवा मिळत नाही आणि तापलेली बॅटरी लवकर म्हातारी होते. टेबलावर ही सोय हवी असेल, तर ती फक्त चार्जर जोडलेला असतानापुरती ठेवावी. लॉगिनडीत त्यासाठी वेगळी ओळ आहे.

नोएडा, गाझियाबादच्या सोसायट्यांत वीज गेली की जनरेटर लागेपर्यंत काही क्षण जातात. थकलेल्या बॅटरीला तेवढेही झेपत नाही. बॅटरीवर लक्ष ठेवणारा यूपॉवर मुळात २ टक्क्यांवर शेवटची कृती करतो, पण जुनी बॅटरी बरेचदा १० टक्क्यांवरून थेट शून्यावर येते. हा आकडा वाढवावा. मात्र कमी, धोका आणि कृती हे तीन टक्के उतरत्या क्रमाने असावेत, नाहीतर यूपॉवर पुन्हा आपलेच आकडे धरतो. डिस्कवर पुरेसा स्वॅप, म्हणजे मेमरीतले काम उतरवून ठेवायची जागा, नसेल, तर हायबरनेट जमत नाही; तेव्हा कृती म्हणून सरळ 'बंद' निवडावे.

बंद होताना सिस्टिमडी प्रत्येक सेवेला आवरायला सांगतो, मुळात ९० सेकंद वाट पाहतो आणि मग तिला मारतो. फेडोराने ३८ व्या आवृत्तीत ही मुदत ४५ वर आणली. पडदा एकाच ओळीवर थांबला म्हणून या काळात बटण दाबून धरू नये.

यंत्र नीट बंद झाले की नाही, हे सिस्टिमडीच्या नोंदी दाखवणाऱ्या 'जर्नलसीटीएल' या आज्ञेने मागच्या सत्राची नोंद काढली की दिसते. शेवटी सेवा थांबल्याच्या ओळी असल्या, तर सगळे रीतसर झाले. नोंद मध्येच तुटली असेल, तर यंत्र अचानक बंद पडले.