पोटातले जिवाणू, डब्यातली पावडर आणि शरीरातला दाह

आज वरवट बकालला आपण एकाच प्रश्नावर बोलणार आहोत. मेडिकलमधली प्रोबायोटिकची गोळी किंवा ताकदीची पावडर आपल्याला खरंच लागते का?

आधी पोटात काय चालतं ते पाहू. आपल्या मोठ्या आतड्यात कित्येक लाख कोटी जिवाणू राहतात. ज्वारीच्या भाकरीतला, तुरीच्या डाळीतला जो चोथा, म्हणजे फायबर, आपल्याला पचत नाही, तो हे जिवाणू आंबवतात. त्यातून ब्युटिरेट नावाचा पदार्थ तयार होतो. आतड्याच्या अस्तराच्या पेशी मुख्यतः त्याच्यावर जगतात, आणि दाह, म्हणजे आतली सूज, आवरायलाही तो मदत करतो.

मग गोळीचं काय? 2018 साली इस्रायलमधल्या वाइझमन संस्थेने अँटिबायोटिक घेतलेल्या लोकांचा अभ्यास केला. ज्यांनी नंतर प्रोबायोटिक घेतलं, त्यांचे स्वतःचे जिवाणू परत यायला काहीच न घेणाऱ्यांपेक्षा जास्त वेळ लागला. उलट 2021 साली अमेरिकेत स्टॅनफर्डला 36 निरोगी माणसांवर प्रयोग झाला. ज्यांनी दहा आठवडे दही, केफिर असे आंबवलेले पदार्थ भरपूर खाल्ले, त्यांच्या पोटातल्या जिवाणूंचे प्रकार वाढले आणि रक्तातल्या दाहाच्या खुणा कमी झाल्या. प्रयोग लहान होता, पण आपल्या घरच्या विरजणाकडे पुन्हा बघायला लावणारा होता.

आता आपल्या भागाचं बोलू. संग्रामपूर तालुक्यातली बरीच गावं खारपाणपट्ट्यात येतात, आणि किडनीच्या आजाराची झळ अनेक घरांना बसली आहे. पोट आणि किडनी यांचा संबंध इथे येतो. प्रथिनांतून काही जिवाणू इंडोल बनवतात. यकृतात त्याचं इंडॉक्सिल सल्फेट होतं आणि किडनी ते लघवीवाटे बाहेर टाकते. किडनी थकली की ते रक्तात साचतं आणि दाहात भर घालतं.

म्हणून ज्यांची किडनी कमजोर आहे, त्यांनी कोणाच्या सांगण्यावरून प्रोटीनचा डबा आणू नये. डाळ किती, ताक किती, मीठ किती, हेसुद्धा डॉक्टरांना विचारूनच ठरवावं. कारण डायलिसिस सुरू झालं की प्रथिनांचा हिशोब पुन्हा बदलतो. बाकीच्यांनी भाकर, डाळ, पालेभाजी आणि घरचं ताक आधी ताटात आणावं. गोळी डॉक्टरांनी नेमक्या कारणासाठी लिहून दिली, तरच घ्यावी.