अंगाने भरलेल्या माणसाची हाडं मजबूतच असतात का?

गेल्या काही वर्षांत आपल्या मोहल्ल्यातल्या मशिदीत एक बदल आपण सगळ्यांनीच पाहिला आहे. सफांच्या टोकाला ठेवलेल्या खुर्च्या वाढत चालल्या आहेत. पूर्वी एखाद-दुसरे बुजुर्ग खुर्चीवर बसून नमाज अदा करायचे. आता पन्नाशीही न गाठलेले लोक खुर्ची ओढताना दिसतात. घरातल्या अम्मी, खाला, फुफी यांचं तर कुणाच्या नजरेसही पडत नाही. विचारलं तर एकच उत्तर मिळतं, "गुडघे धरलेत, वय झालं आता." आजारी माणसाला बसून नमाज पढण्याची सवलत दीनने दिलेलीच आहे, त्याबद्दल वाद नाही. प्रश्न असा आहे की चाळिशी-पंचेचाळिशीत ही वेळ आपल्यावर का यावी?

वयावर खापर फोडणं सोपं असतं. पण बऱ्याच घरांत खरं कारण वजनकाट्यावर दिसतं, आणि आपण तिकडे बघायला तयार नसतो. उलट आपल्याकडे अंगाने भरलेली व्यक्ती म्हणजे 'खात्यापित्या घरची'. "तिचं हाडपेरच मोठं आहे, तिला काय होतंय," असं आपण सहज बोलून जातो.

या समजुतीत अर्धं सत्य आहे, म्हणूनच ती टिकून आहे. हाड ही जिवंत वस्तू आहे. तिच्यावर जसा भार पडेल तशी ती स्वतःला घडवते, हे जर्मन शल्यविशारद जूलियस वोल्फ यांनी 1892 सालीच मांडलं होतं. त्यामुळे वजनदार माणसाच्या हाडांची घनता तपासली तर ती बहुतेक वेळा चांगलीच निघते. डॉक्टरमंडळीही बराच काळ हेच मानत होती की लठ्ठपणा हाडांचं रक्षण करतो.

मग 2011 साली एका मोठ्या पाहणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. 10 देशांतल्या, 55 वर्षांवरच्या 60 हजारांहून अधिक महिलांची ही पाहणी होती. लठ्ठ महिलांची हाडं इतरांपेक्षा कमी मोडतात असं काही त्यात दिसलं नाही. फक्त मोडण्याच्या जागा बदलल्या होत्या. मनगट कमी मोडत होतं, पण घोटा आणि मांडीचं हाड जास्त. विचार केला तर हे पटतं. पडताना खुब्यावर चरबीची गादी असते, घोट्यावर कसलीच गादी नसते. शिवाय जड शरीर पडतं तेव्हा त्याचा जोरही तेवढाच मोठा असतो. आमच्या ओळखीतल्या एक खाला न्हाणीघराच्या उंबऱ्यावर नुसत्या अडखळल्या आणि घोट्याचं हाड तीन ठिकाणी गेलं. घरचे म्हणत होते, "एवढ्याशा पडण्याने कसं मोडलं?" पडणं एवढंसंच होतं, पण वजन ब्याण्णव किलो होतं.

आतली गोष्ट आणखी वेगळी आहे. हाडाच्या पोकळीत मगज असतो, आणि त्या मगजातल्या मूळ पेशींपुढे दोन वाटा असतात: हाड बांधणारी पेशी व्हायचं किंवा चरबीची पेशी व्हायचं. वाढलेल्या वजनात, खास करून मधुमेह सोबत असेल तर, पारडं चरबीकडे झुकतं. पोटाच्या आत साठलेली चरबीही गप्प बसत नाही. ती शरीरात मंद जळजळ चालू ठेवणारी द्रव्यं सोडते आणि त्यामुळे हाड झिजवणाऱ्या पेशी जास्त कामाला लागतात. म्हणून टाइप 2 मधुमेहाच्या रुग्णाचा घनतेचा रिपोर्ट छान येतो आणि तरीही हाड मोडण्याचा धोका इतरांपेक्षा जास्त राहतो. भिंत जाड असते, पण माल कच्चा असतो.

गुडघ्याचा हिशेब तर साधा आहे. वजन 1 किलोने कमी झालं तर प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे 4 किलोंनी कमी होतो. दिवसाची पावलं मोजा आणि गुणाकार करा. अमेरिकेतल्या फ्रॅमिंगहॅम गावच्या प्रदीर्घ अभ्यासात असं दिसलं की ज्या महिलांचं वजन दहा वर्षांत 5 किलोंच्या आसपास उतरलं, त्यांच्यात दुखणाऱ्या गुडघेझिजेचा धोका निम्म्याहून खाली आला. पाच किलो म्हणजे पिठाची एक पिशवी, फार मोठं ओझं नाही ते.

आता उन्हाबद्दल. ड जीवनसत्त्व चरबीत विरघळतं. शरीरात चरबी जास्त असेल तर ते तिथेच अडकून पडतं आणि रक्तात कमी उतरतं. त्यात आपल्या बऱ्याच भगिनींचं अंग उन्हाला लागत नाही, आणि दाट वस्तीतल्या खोल्यांत ऊन शिरतच नाही. यात पडद्याला दोष देण्याचं काही कारण नाही. गच्ची, अंगण, बाल्कनी अशी आडोशाची जागा असेल तर आठवड्यातून काही दिवस हात-पाय उघडे ठेवून थोडा वेळ उन्हात बसता येतं. मात्र ते ऊन सकाळी सातचं नको. आपली सावली आपल्यापेक्षा आखूड असते त्या वेळचं, म्हणजे साधारण 11 ते 2 दरम्यानचं हवं. बंद काचेमागे बसून उपयोग नाही, काच नेमके तेच किरण अडवते. हे जमत नसेल तर रक्त तपासून डॉक्टरांच्या सल्ल्याने औषध घ्यावं. 60 हजार युनिटची पुडी शेजारणीने सांगितली म्हणून महिनोन्महिने घेत राहणं धोक्याचं आहे.

आणि हो, पाया! गुडघे दुखले की घरात पायाचं सूप शिजतं. चव उत्तमच, पण हाडातलं कॅल्शियम पाण्यात फारसं उतरत नाही. वर तरंगते ती चरबी मात्र पोटात जाते. प्रौढ माणसाला दिवसाला 1000 मिलिग्रॅम आणि पाळी थांबलेल्या महिलांना 1200 मिलिग्रॅम कॅल्शियम लागतं. एक पेला दुधात साधारण 240 मिलिग्रॅम असतं. नाचणी, तीळ, दही यांतूनही ते मिळतं. कोकणातल्या आपल्या घरांत काट्यासकट खाल्ली जाणारी बारीक मासळी पायापेक्षा कितीतरी सरस आहे.

वजन किती असावं, हेही आपल्याकडे नीट माहीत नसतं. भारतीयांसाठी मापं कडक आहेत, कारण आपल्या शरीरात पोटाची चरबी लवकर साठते. पाच फूट उंचीच्या बाईचं वजन 53 किलोंच्या वर गेलं की ते जास्त आणि 58 च्या वर म्हणजे लठ्ठपणा. कंबर महिलांची 80 सेंटिमीटर आणि पुरुषांची 90 सेंटिमीटरच्या आत हवी. घरात शिलाईची टेप असतेच.

मात्र कमी करायचं म्हणून खाणंच सोडू नका. झपाट्याने उतरलेल्या वजनाबरोबर स्नायू जातात आणि हाडांची घनताही जाते, उतारवयात तर जास्तच. भात-रोटी, तळण, शीरखुर्मा-शरबत कमी करावं. डाळ, अंडी, मासे, दही कमी करू नये. चालण्याच्या जोडीला खुर्चीवरून हात न टेकता उठणं-बसणं, पाण्याची भरलेली बाटली उचलणं असा जोर लावणारा व्यायाम हवाच. रमजानमध्ये वजन आपोआप उतरेल या आशेवर तर राहूच नये. इफ्तारच्या दस्तरख्वानावर काय काय असतं ते आपणच मांडतो!

दुखण्यावर मिळणाऱ्या बिननावाच्या पुड्यांपासून लांब राहा. दोन दिवसांत आराम पडतो, कारण अशा काही पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेलं सापडलं आहे. स्टेरॉइड दीर्घकाळ पोटात गेलं की वजनही वाढतं आणि हाडंही पोखरतात.

शेवटी मुलांचं. गुबगुबीत मूल आपल्याला गोड वाटतं. पण 10 ते 15 वयाचा वजनदार मुलगा लंगडत चालू लागला, गुडघा किंवा मांडी दुखते म्हणू लागला, तर तेल चोळत बसू नका. या वयात जास्त भाराने खुब्याच्या हाडाचा गोळा वाढीच्या जागेवरून सरकू शकतो. दुखतं गुडघ्यात आणि बिघाड असतो खुब्यात, त्यामुळे फक्त गुडघ्याचा एक्स-रे काढला तर सगळं ठीक दिसतं. त्याच दिवशी हाडांच्या डॉक्टरकडे न्या, आणि खुब्याचाही एक्स-रे काढायचा का, हे आपण होऊन विचारा. उशीर झाला तर सांधा कायमचा बिघडू शकतो.