बॉनेटखालचं प्लॅस्टिक: कुठे चालतं, कुठे दगा देतं

आजचा भाग तुमच्यातल्याच एकाच्या व्हॉइस नोटवरून सुचलाय. प्रश्न असा: "दादा, पाऊण कोटीची गाडी, आणि बॉनेट उघडलं तर जिकडे तिकडे काळं प्लॅस्टिक. ही फसवणूक नाही का?" गाडी आहे बीएमडब्ल्यू एम ३४० आय. आपल्याकडे ती चेन्नईत जुळवली जाते. तिच्यात बी ५८ नावाचं तीन लिटरचं, सहा सिलिंडरचं टर्बो इंजिन आहे. हेच इंजिन टोयोटा सुप्रातही बसतं.

माझं उत्तर आधीच सांगून टाकतो: फसवणूक नाही. पण गाडी सात-आठ वर्षांची झाल्यावर, दुसऱ्या मालकाच्या हातात असताना हाच प्रश्न विचारलात तर उत्तर थोडं बदलेल. का बदलेल, तेच आज बोलूया.

बॉनेट उघडल्यावर दिसतं ते सर्वात वरचं मोठं झाकण म्हणजे इंजिन नव्हे. ते आवाज दाबायला आणि दिसायला बरं म्हणून असतं. ते काढलं की खालचा ब्लॉक ॲल्युमिनियमचा, क्रँकशाफ्ट स्टीलचा, पिस्टन आणि कनेक्टिंग रॉडही धातूचेच. जिथे पेट्रोल जळतं तिथे प्लॅस्टिकला प्रवेश नाही. प्लॅस्टिक असतं ते त्याच्या भोवती: हवा आत नेणारं इनटेक मॅनिफोल्ड, टर्बोकडून येणारा चार्ज पाइप, व्हॉल्व्ह कव्हर, थर्मोस्टॅटचं घर, कूलंटच्या पाइपांचे जोड, ऑइल फिल्टरचं हाउसिंग.

आणि हे आपल्या बादली-मगाचं प्लॅस्टिक नाही बरं का. बहुतेक वेळा ते नायलॉन असतं आणि त्यात वजनाच्या साधारण ३० टक्के काचेचे बारीक तंतू मिसळलेले असतात. इंजिनात सर्रास वापरतात ते नायलॉन ६६ वितळतं २६० अंश सेल्सिअसच्या आसपास. त्यामुळे "उन्हात वितळेल" ही भीती सोडून द्या.

आता इनटेक मॅनिफोल्ड घ्या. इथे प्लॅस्टिक हे नुसतं स्वस्त नाही, तर खरोखर चांगलं आहे. काचतंतूवाल्या नायलॉनची घनता ॲल्युमिनियमच्या जवळपास निम्मी. भिंत थोडी जाड ठेवावी लागते, तरी वजन वाचतंच. साच्यातून निघालेला भाग आतून गुळगुळीत असतो. ओतीव ॲल्युमिनियम खरखरीत निघतं, त्यावर वेगळी मेहनत करावी लागते. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे प्लॅस्टिक उष्णता वाहून नेत नाही. ॲल्युमिनियमचं मॅनिफोल्ड गरम हेडला टेकून स्वतः तापतं आणि आतून जाणाऱ्या हवेलाही तापवतं. गरम हवा विरळ, म्हणजे ऑक्सिजन कमी, म्हणजे ताकद कमी. १९९७ मध्ये शेवरोले कॉर्व्हेटला नवीन एलएस १ इंजिन मिळालं तेव्हा त्याचं मॅनिफोल्ड नायलॉनचं होतं. आपल्या बी ५८ मध्ये तर पाण्याने थंड होणारा इंटरकूलरच या प्लॅस्टिक मॅनिफोल्डच्या पोटात बसवलाय. त्यामुळे "प्लॅस्टिकचं काढून ॲल्युमिनियमचं लाव, पिकअप वाढेल" असं कोणी सांगितलं, तर आधी त्याला विचारा, कशामुळे?

मग गडबड होते कुठे? पहिली जागा चार्ज पाइप. २००६ साली बीएमडब्ल्यूने ३३५ आय मध्ये एन ५४ नावाचं जुळ्या टर्बोचं इंजिन आणलं. मूळ बूस्ट सुमारे ०.६ बार. ट्यूनिंगवाल्यांच्या हातात ते पडलं आणि लोक नुसत्या सॉफ्टवेअरने बूस्ट एक बार आणि त्याच्याही वर न्यायला लागले. इंजिनाने ते सोसलं. प्लॅस्टिकच्या चार्ज पाइपने नाही. तो थ्रॉटल बॉडीजवळच्या कॉलरपाशी तुटायचा. फाटकन आवाज, ताकद गायब, गाडी लिंप मोडमध्ये.

गणित सोपं आहे. समजा पाइप आतून ६५ मिलिमीटरचा आहे. तोंडाचं क्षेत्रफळ साधारण ३३ चौरस सेंटिमीटर. एक बार बूस्ट म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला जवळपास एक किलो. म्हणजे पाइपाचं टोक जोडातून ओढून काढायला ३३-३४ किलोचा जोर. तुम्ही प्रत्येक वेळी ॲक्सिलरेटर दाबता तेव्हा तो लागतो, सोडता तेव्हा जातो. वर इंजिनाचे हादरे, वर उष्णता. ०.६ बारला हाच जोर वीस किलोच्या आसपास असतो, आणि कंपनीने हिशोब धरलेला असतो तो त्याचा. इथे ॲल्युमिनियमचा पाइप लावणं हा शहाणपणाचा खर्च आहे. पण गाडी कंपनीतून आली तशीच चालवत असाल आणि पाइप धड असेल, तर घाई नको. रिमॅप करणार असाल तर पाइप आधी, सॉफ्टवेअर नंतर. वॉरंटीचं काय होतं ते तुम्हाला माहीतच आहे.

दुसरी जागा जास्त वाईट. कूलंट.

हवेचं नायलॉनशी भांडण नाही. पण शंभर अंशांच्या आसपासचं, दाबाखालचं पाणी आणि ग्लायकॉल वर्षानुवर्षं नायलॉनला चिकटून राहिलं की त्याच्या रेणूंच्या लांब साखळ्या हळूहळू तुटायला लागतात. काचेच्या तंतूंवरची पकडही सैल होते. बाहेरून भाग तसाच दिसतो, आतून ठिसूळ. मग एखाद्या दिवशी मेकॅनिक होज काढायला जातो आणि जोडाचं तोंड बिस्किटासारखं हातात येतं. यात भर म्हणजे आजकालची इंजिनं मुद्दाम गरम चालवतात, कारण तेल पातळ राहतं आणि इंधन वाचतं. आणि पुण्या-मुंबईच्या ट्रॅफिकमध्ये टर्बोची गाडी तासभर रांगत नेऊन बंद केली, की पंखा थांबल्यावरही आतली धग बराच वेळ या प्लॅस्टिकवर बसून राहते.

याची उदाहरणं जगजाहीर आहेत. पहिल्या पिढीच्या पोर्शे कायनच्या व्ही ८ इंजिनात मॅनिफोल्डखाली कूलंटचे प्लॅस्टिक पाइप होते. ते तडकायचे, आणि कूलंट थेट खालच्या स्टार्टर मोटरवर. उपाय म्हणून ॲल्युमिनियमचे पाइप आले. फोर्डच्या ४.६ लिटर व्ही ८ मध्ये मॅनिफोल्ड नायलॉनचं होतं आणि त्यातूनच कूलंटची वाट काढली होती. तिथेच भेगा पडल्या, अमेरिकेत प्रकरण कोर्टात गेलं. फोर्डने सुधारित भाग आणला तो बघण्यासारखा आहे: हवेचा भाग प्लॅस्टिकचाच ठेवला, फक्त कूलंटची वाट ॲल्युमिनियमची केली. फोक्सवॅगन-स्कोडाच्या दोन लिटर टीएसआयमध्ये, म्हणजे आपल्याकडच्या ऑक्टाव्हिया व्हीआरएसच्या इंजिन घराण्यात, थर्मोस्टॅट आणि पाण्याच्या पंपाचं प्लॅस्टिक हाउसिंग गळणं ही मालकांना पाठ असलेली गोष्ट आहे.

आता धातूप्रेमींनी लगेच टाळ्या वाजवू नका. पोर्शेच्याच ९९६ आणि ९९७ टर्बो आणि जीटी ३ मध्ये कूलंटचे जोड धातूचेच होते, पण चिकटवलेले. उष्णतेने चिकटपट्टा सुटला की जोड बाहेर, आणि ट्रॅकवर सगळं कूलंट सांडलेलं. लोक ते वेल्डिंग करून घेतात किंवा पिन ठोकून घेतात. आणि ॲल्युमिनियमच्या हाउसिंगमध्ये बोअरवेलचं पाणी टॉप-अप म्हणून ओतत राहिलात तर तेही आतून खात जातं.

अख्खं इंजिन प्लॅस्टिकचं करायचा प्रयत्नही झालाय, गंमत म्हणून सांगतो. मॅटी होल्ट्झबर्ग नावाच्या अमेरिकन माणसाने १९८०च्या दशकात पॉलिमोटर बनवलं. लोला टी ६१६ या रेसिंग कारमध्ये बसून ते १९८४-८५ च्या सुमारास शर्यतीतही धावलं. त्यातही क्रँकशाफ्टसारखे भाग धातूचेच ठेवावे लागले होते.

मग कंपन्या कूलंटच्या जागी अजून प्लॅस्टिक का वापरतात? वजन आणि गुंतागुंतीचा आकार एका साच्यात निघणं, ही कारणं खरी आहेत. कूलंटला जास्त टिकणारी, नायलॉनपेक्षा महाग प्लॅस्टिकंही आहेत, पीपीएससारखी, आणि ती वापरलीही जातात. पण माझं मत विचाराल तर हिशोब वॉरंटीभोवती फिरतो. पहिला मालक चार-पाच वर्षांत गाडी विकतो. भाग सातव्या वर्षी तडकतो. बिल येतं तुमच्यासारख्या सेकंडहँड घेणाऱ्याला, ज्याने आयुष्यभराची बचत लावून ती गाडी घेतलेली असते. भागाच्या बिलाचं एक वेळ ठीक. कूलंट गेलं आणि तापमानाचा लाल दिवा दिसत असूनही "घर जवळच आहे" म्हणून कोणी गाडी रेटली, तर हेड वाकतं. मग हिशोब लाखांत.

म्हणून जुनी परफॉर्मन्स गाडी बघायला जाल तेव्हा इंजिन थंड असताना जा. मालकाला आधीच सांगून ठेवा, सुरू करून ठेवू नका म्हणून. कूलंटची पातळी बघा. जोडांभोवती सुकलेले पांढरट किंवा गुलाबी ओघळ शोधा. गोडसर वास आला तर थांबा. थर्मोस्टॅट हाउसिंग, पंप कधी बदललं, त्याचं बिल मागा. बदललेलं असेल तर ती चांगली खूण समजा, वाईट नाही. बदललेलं नसेल तर तेवढे पैसे किमतीतून कमी करून मागा. आणि नवीन भाग घेताना पंपाशी जोडलेले छोटे प्लॅस्टिक जोडही त्याच वेळी बदलून टाका, कारण ते तेवढेच म्हातारे झालेले असतात आणि मजुरी एकदाच पडते.

एक शेवटचं, एम ३४० आय वाल्या मित्रासाठी. तुझी गाडी नवीन आहे, प्लॅस्टिकला हात लावू नकोस. फक्त सर्व्हिसला ऑइल फिल्टरचं झाकण कसं आवळतात ते उभं राहून बघ. अशा बऱ्याच झाकणांवर २५ न्यूटन मीटर असं छापलेलं असतं. पोरगा लांब पाना घेऊन अंगातलं सगळं बळ लावत असेल, तर त्याला टॉर्क रेंच आणायला सांग.

पुढच्या भागात टर्बोच्या तेलाबद्दल. प्रश्न पाठवत राहा, भेटूच.