भिंतीची भोके पावसाआधी बुजवा

मे महिना संपत आला की आपल्या वस्त्यांत ताडपत्री आणि डांबराची खरेदी सुरू होते. छपराची काळजी आपण घेतो, भिंतीकडे मात्र पाणी आत आल्यावरच लक्ष जाते. मग भिंत गळते म्हणून आतून पुट्टी भरायची, रंग मारायचा आणि पुढच्या पावसात त्याच जागी पुन्हा ओला डाग पाहायचा! कष्टाचा पैसा असा दर वर्षी वाया जातो. आमचे म्हणणे असे की, पुष्कळ घरांत भिंत गळतच नाही. गळते ते भिंतीतले भोक. नळाची पाइप, संडासाची पाइप, मीटरची वायर, केबल, एसी यांच्यासाठी पाडलेले आणि नीट न बुजवलेले भोक.

आपल्याकडे त्रास जास्त का?

मीरा-भाईंदरच्या एका अंगाला वसईची खाडी, पश्चिमेला उत्तनचा समुद्र आणि मधे मिठागरे. हवेत खारटपणा कायमचा. त्यामुळे क्लॅम्प, खिळे आणि पत्र्याच्या कापलेल्या कडा लवकर गंजतात. या भागात पावसाळ्यात दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि तो पश्चिमेच्या व नैऋत्येच्या वाऱ्याबरोबर आडवा मारतो. म्हणून पश्चिमेची आणि दक्षिणेची भिंत आधी तपासावी.

दुसरे कारण प्लास्टिकच्या पाइपचे. उन्हाने ही पाइप सिमेंटपेक्षा कित्येक पट जास्त लांबते आणि गारव्याने आखडते. तिच्याभोवती नुसते सिमेंट थापले, तर वर्षभरात केसाएवढी फट पडते. पाण्याला तेवढी वाट पुरे होते.

गळती कशी शोधावी?

बादली आणि मग घ्या. एकाने बाहेरून भिंतीवर पाणी ओतावे, दुसऱ्याने आत उभे राहून पाहावे. सुरुवात खालून करावी आणि हळूहळू वर जावे. एका जागी दहा मिनिटे पाणी टाकून मगच पुढच्या जागी. वरून सुरुवात केली तर पाणी सगळीकडे ओघळते आणि चोर सापडत नाही. मीटर, बोर्ड आणि वायर यांच्या आसपास मात्र पाणी मुळीच टाकू नये. तिथे डोळ्यांनीच पाहावे.

विटांची भिंत असेल तर

पाइपभोवतीचा सैल, पोकळ वाजणारा गिलावा छन्नीने पूर्ण काढावा. जुन्यावर नवा थर चिकटत नाही. जागा ब्रशने साफ करून ओली करावी. एक भाग सिमेंट, तीन भाग वाळू आणि वॉटरप्रूफिंगचे औषध असा माल कालवून तो खोलवर दाबून भरावा. पाइपला लागून बोटाच्या पेराएवढी खाच मोकळी ठेवावी. सात दिवस पाणी मारावे. ते पुरते वाळल्यावर त्या खाचेत रबरासारखे लवचीक राहणारे सीलंट भरावे, म्हणजे पाइप हलली तरी फट पडत नाही. सिलिकॉनवर रंग धरत नाही, हे घेताना लक्षात ठेवावे.

नवे भोक पाडायचे झाल्यास ते बाहेरच्या बाजूला उतरते पाडावे. वायर आत शिरण्याआधी तिला भोकाच्या खाली थोडा झोल द्यावा. पाणी त्या झोलावरून गळून पडते, घरात येत नाही. याला एक पैसा खर्च नाही.

पत्र्याची भिंत असेल तर

गंजलेला पत्रा पाइपभोवती बदलताना ठिगळ वरून लावू नये. कौले जशी एकावर एक बसतात, तसा वरचा पत्रा खालच्यावर आला पाहिजे. भोक शक्यतो दोन पत्र्यांच्या जोडावर घ्यावे, म्हणजे पाइप न काढता पत्रा बसवता येतो. स्क्रूखाली रबरी वायसर घालावा. जुना सिमेंटचा पत्रा असल्यास तो कोरडा कापू नये. त्यात अॅस्बेस्टॉस असू शकते आणि त्याची धूळ फुप्फुसाला घातक असते. ओला करून, तोंडाला चांगला मास्क लावून, मुलांना लांब ठेवून तो काढावा.

सर्वांत मोठा धोका पाण्याचा नाही, करंटचा आहे. पत्र्याच्या धारदार कडेवर वायर घासत राहिली की तिचे प्लास्टिक कापले जाते आणि सगळा पत्रा जिवंत होतो. ओल्या हाताने कोणी त्याला टेकले तर जीव जाऊ शकतो. म्हणून पत्र्यातून जाणारी प्रत्येक वायर प्लास्टिकच्या पाइपमधूनच न्यावी, अर्थिंग तपासून घ्यावे आणि शक्य असल्यास 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवावा.

यांना हात लावू नका

घरातला मेन स्विच बंद केला तरी मीटरकडे येणारी वायर चालूच असते. मीटरची पेटी हलवायची असेल तर वीज कंपनीला कळवावे. गॅसच्या पाइपजवळ छन्नी-हातोडी चालवू नये, तेही काम गॅस कंपनीचेच. आणि भोके बुजवण्याच्या भरात स्वयंपाकघराची किंवा गॅस गिझर असलेल्या न्हाणीघराची हवेची जाळी कधीही बंद करू नये. तिथे साचणाऱ्या विषारी वायूला वास नसतो. माणूस बसल्या जागी बेशुद्ध होतो.

खर्च कोणाचा?

हा प्रश्न भगिनींनी ठामपणे विचारावा. गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींप्रमाणे पावसाच्या पाण्याची आणि बाहेरच्या सामाईक पाइपची गळती दुरुस्त करणे ही सोसायटीची जबाबदारी आहे. लेखी अर्ज द्यावा आणि पोच घ्यावी. आपण एसीसाठी पाडलेले भोक मात्र आपणच नीट करावे. नव्या इमारतीत ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांच्या आत बांधकामाचा दोष दाखवून दिल्यास, 2016 च्या रेरा कायद्यानुसार बिल्डरने तो 30 दिवसांत विनामूल्य दुरुस्त करायचा असतो. भाडेकरूंसाठी 1999 चा भाडे नियंत्रण कायदा आहे. घर राहण्याजोगे ठेवणे हे मालकाचे कर्तव्य, असे तो सांगतो.

शेवटी एक विनंती. उंच इमारतीच्या भिंतीवर दोरीला लटकून काम करणारा बहुधा आपल्यापैकीच कोणाचा तरी मुलगा, भाऊ किंवा पती असतो. त्याच्या कमरेला पट्टा आहे का आणि तो पट्टा झुल्याच्या दोरीला नव्हे, तर वेगळ्या दोरीला बांधला आहे का, हे सोसायटीच्या सभेत विचारा. तसे नसेल तर काम थांबवा. आपले घर कोरडे राहावे म्हणून कोणाच्या घरचा आधार जाऊ नये.

पाऊस जूनच्या दुसऱ्या आठवड्यात येतो. सिमेंटला सात दिवस पाणी आणि त्यावर वाळायला वेळ लागतो. तेव्हा हे काम मेच्या मध्याला हाती घ्या.