नऊ चौरस मीटरांची ओसरी

सिंगापुरातील बुकित पंजांग या भागाच्या मलय नावाचा अर्थ ‘लांब टेकडी’. येथून सुटणारी डाउनटाउन मार्गावरची गाडी २१ ऑक्टोबर २०१७ पासून, मध्ये कोठेही न बदलता, बेटाच्या पूर्वेकडील सिंगापूर एक्स्पो या प्रदर्शन केंद्राच्या दाराशी नेऊन सोडते. आणि म्हणूनच, प्रदर्शनाच्या दिवसांत हळदीचे, बेदाण्याचे किंवा एखाद्या लहानशा यंत्राचे नमुने घेऊन महाराष्ट्रातून आलेला पाहुणा आमच्यासारख्या येथल्या मराठी घरी चार दिवस उतरला, तर त्याची मुळीच गैरसोय होत नाही. अशा पाहुण्यांशी रात्रीच्या जेवणानंतर बोलताना स्टॉलविषयीच्या ज्या समजुती वारंवार कानी पडतात, त्यांपायी कष्टाचा पैसा व्यर्थ जाताना पाहून मनाला वाईट वाटते.

पहिली समजूत अशी, की जागा मोठी घेतल्याखेरीज कोणी ढुंकूनही पाहणार नाही. दहा दालने मिळून सुमारे एक लाख चौरस मीटरांच्या त्या आवारात शिरल्यावर तीन मीटर लांब व तीन मीटर रुंद असा नेहमीचा स्टॉल कःपदार्थ वाटावा, हे साहजिक आहे. परंतु येणारा अभ्यागत आवार पाहत नसतो, तो समोरची वाट चालत असतो. सेकंदाला सव्वा मीटर या साधारण चालीने तो तुमची तीन मीटरांची दर्शनी बाजू अडीच सेकंदांच्या आत ओलांडून जातो. तेवढ्या अवधीत ‘येथे काय आहे आणि ते कोणासाठी आहे’ या दोन प्रश्नांचे उत्तर त्याच्या दृष्टीस पडले नाही, तर जागा दुप्पट केल्याने भाड्यात इजाफा होतो. त्याची पावले मात्र थांबतीलच असे नाही.

याच समजुतीची सख्खी बहीण म्हणजे भिंतीवर सगळा तपशील लिहावा ही. ऑक्टानॉर्मच्या तयार सांगाड्याची भिंत साधारण अडीच मीटर उंच असते. तिचा खालचा एक मीटर, समोर माणसे उभी राहिली की, झाकून जातो. म्हणजे स्थापनेचे वर्ष, कारखान्याचा पत्ता आणि मालाची यादी जेथे हौसेने छापलेली असते, तेथे पाहणाऱ्याला केवळ लोकांच्या पाठी दिसतात. पाटी रंगविणाऱ्यांचा जुना आडाखा असा आहे, की एक इंच उंचीचे अक्षर दहा फुटांवरून सुखाने वाचता येते. त्या हिशेबाने तीस फुटांवरच्या माणसाला थांबवायचे असेल तर अक्षर तीन इंचांचे हवे, आणि तीन इंचांच्या अक्षरांत निबंध मावत नाही, एखादे वाक्य मावते. ते वाक्य डोळ्यांच्या उंचीच्या वर, आणि त्याखाली प्रत्यक्ष वस्तू, उत्तम उजेडात. हळदीचा रंग निस्तेज दिव्याखाली मातकट दिसतो, आणि मग शंभर विशेषणेही तो सोनेरी करू शकत नाहीत.

तिसरा गैरसमज मला सर्वांत अधिक खुपतो. स्टॉलच्या तोंडाशी आडवे टेबल मांडून मालक त्यामागे खुर्चीवर बसतो, आणि त्याला वाटते की हीच व्यवस्थितपणाची रीत. आपल्या गावाकडच्या घराला ओसरी असते ती कशासाठी? वाटसरूला दाराची कडी न वाजवता क्षणभर टेकता यावे, बोलणे जमले तर घरात यावे, न जमले तर संकोच न बाळगता निघून जावे, यासाठी. ते टेबल म्हणजे ओसरीलाच घातलेली आगळ होय. ते बाजूच्या भिंतीला लावून पुढची जागा मोकळी ठेवावी, आणि नऊ चौरस मीटरांत दोघांहून अधिक यजमान उभे करू नयेत. कारण तिसऱ्याच्या उभे राहण्यानेच पाहुण्याची जागा जाते.

कागदपत्रांसंबंधीही एक समजूत दूर केली पाहिजे. ए.टी.ए. कार्ने या दस्तऐवजावर प्रदर्शनाचा माल तात्पुरता, जकात न भरता, आणता येतो हे खरे. पण ही सवलत जास्तीत जास्त एक वर्षाच्या मुदतीची आणि परत जाणाऱ्या मालापुरती आहे. यंत्र परत जाते. चाखविलेला बेदाणा परत जात नाही. वाटण्याच्या व खाण्याच्या नमुन्यांची आयात येथल्या अन्नविषयक नियमांबरहुकूम निराळी करावी लागते, व तिची तजवीज पुष्कळ आधी करावी. आणि यंत्र आणणाऱ्याला, विजेचा दाब आपल्याकडच्यासारखाच २३० व्होल्टचा असला तरी येथील सॉकेटला चपट्या, आयताकृती तीन पिना लागतात, इतके सांगितले म्हणजे पुरे.

आणि शेवटी, भेटकार्डांनी भरलेले काचेचे भांडे ही यशाची खूण मानली जाते. चिठ्ठी काढून बक्षीस मिळेल या आशेने टाकलेले कार्ड हे गिऱ्हाइकाचे नव्हे, बक्षिसेच्छूचे असते. त्यापेक्षा, बोलणे संपताच माणसाला काय हवे होते, किती हवे होते आणि आपण काय कबूल केले, हे त्याच्याच कार्डाच्या पाठीवर दोन ओळींत टिपावे. एक्स्पोहून बुकित पंजांगपर्यंतचा परतीचा प्रवास तासाभराहून अधिक चालतो, गाडी बदलावी लागत नाही आणि बहुधा बसायला जागाही मिळते. माझ्या पाहुण्यांना मी सांगतो, की दिवसभराची कार्डे त्याच वेळी मांडीवर घ्या, चेहरे अजून आठवत आहेत तोवर त्यांची नोंद वहीत करा, आणि घरी पोचल्यावर, जेवायला बसण्यापूर्वी, पहिले पत्र लिहा.