व्यावसायिक प्रवासी आणि खासगी अंगरक्षक : बगदादच्या अनुभवाचा विचार

प्रास्ताविक

अशांत शहरात कामानिमित्त जाणाऱ्या उद्योजकाने, अभियंत्याने अथवा सल्लागाराने अंगरक्षक नेमावा काय, हा प्रश्न वरवर पाहता प्रवासखर्चाच्या हिशेबातला वाटतो. विमानाचे तिकीट, हॉटेल, दुभाषा, मोटार आणि त्याच यादीत अंगरक्षक. परंतु दुभाष्याची चूक फार तर करार बिघडवते; अंगरक्षकाच्या चुकीने रस्त्यावरील तिसऱ्याच माणसाचा जीव जातो. तो तिसरा माणूस त्या करारात कोठेही नसतो. प्रस्तुत लेखात २००३ नंतरच्या बगदाद शहराच्या आधारे या तिसऱ्या माणसाचा विचार केला आहे. अंगरक्षक कसा निवडावा याची माहिती व्यवस्थापनाच्या पुस्तकांत मिळते. त्याच्या कृत्यास उत्तरदायी कोण, याची चर्चा मात्र तेथे अभावानेच आढळते.

मागणी कशी निर्माण झाली

एप्रिल २००३ मध्ये बगदाद पडले. २३ मे २००३ रोजी अमेरिकाप्रणीत हंगामी प्रशासनाने इराकी सैन्य विसर्जित केले. पोलीस यंत्रणा आधीच विस्कळीत झालेली होती. अशा शहरात वीज, पाणी, तेल आणि दूरसंचार यांच्या पुनर्उभारणीची कंत्राटे घेऊन परदेशी कंपन्या दाखल झाल्या. अमेरिकी सैन्य स्वतःच्याच रक्षणात गुंतलेले असल्यामुळे या कंपन्यांना संरक्षण बाजारातून विकत घ्यावे लागले. विमानतळापासून शहरातील तटबंद ‘ग्रीन झोन’पर्यंतचे अंतर सुमारे १२ किलोमीटर, पण २००४-०५ च्या सुमारास हा रस्ता जगातील सर्वांत धोकादायक रस्त्यांपैकी एक गणला जात होता. अमेरिकी काँग्रेसच्या लेखापरीक्षण संस्थेने २००५ मध्ये पुनर्उभारणीची १५ कंत्राटे तपासली, तेव्हा त्यांतील ८ कंत्राटांत एकूण खर्चाच्या १५ टक्क्यांहून अधिक रक्कम खासगी सुरक्षा व तत्संबंधी साधनांवर गेल्याचे आढळले. जी रक्कम जलवाहिनीत जावयाची ती चिलखती मोटारीत गेली, असे म्हणण्यास हरकत नाही.

येथे एक गोष्ट नजरेआड होऊ नये. अपहरणाच्या बातम्या परदेशी माणसांच्या छापून येत; प्रत्यक्षात खंडणीसाठी पळवले जाणारे बहुसंख्य लोक इराकीच होते. डॉक्टर, व्यापारी, प्राध्यापक हे सगळे त्यात आले.

अंगरक्षकाचे खरे काम

चित्रपटांमुळे अंगरक्षक म्हणजे गोळी झेलणारा धिप्पाड पुरुष अशी समजूत झाली आहे. व्यवसायातील जाणकार मात्र बंदूक बाहेर काढावी लागणे हेच योजनेचे अपयश मानतात. त्यांच्या कामाचा मोठा भाग प्रवासी विमानातून उतरण्यापूर्वीच झालेला असतो. भेटीची जागा आधी पाहून येणे, जाण्यायेण्याचे निदान दोन मार्ग ठरवणे, पुलांच्या आणि नाक्यांच्या जागी मोटार कोठे अडकू शकते हे ताडणे, जवळचे चालू रुग्णालय कोणते याची खात्री करणे, भेटीची वेळ शक्य तितक्या कमी लोकांना कळू देणे, आणि कोणतीही गोष्ट सलग दोन दिवस एकाच वेळी न करणे. हे काम कंटाळवाणे असते आणि ग्राहकाला दिसत नाही. म्हणूनच पैसे वाचवावयाचे झाले की प्रथम यावरच कात्री चालते.

फालुजा येथील ३१ मार्च २००४ ची घटना या दृष्टीने अभ्यासण्यासारखी आहे. स्वयंपाकगृहाचे साहित्य आणण्यासाठी निघालेल्या ताफ्याबरोबर ब्लॅकवॉटर या कंपनीचे चार रक्षक दोन बिनचिलखती मोटारींतून गेले. जमावाने त्यांना ठार केले व प्रेतांची विटंबना केली. अमेरिकी प्रतिनिधिगृहाच्या समितीच्या २००७ मधील अहवालाने या मोहिमेच्या तयारीतील गंभीर उणिवांवर बोट ठेवले. रक्षक अनुभवी होते, शस्त्रेही होती; पूर्वतयारी नव्हती.

दोन पद्धती

बगदादमध्ये संरक्षणाच्या दोन पद्धती शेजारी शेजारी चालत होत्या. पहिली उघड सामर्थ्याची. तीन-चार मोठ्या चिलखती गाड्या, पुढेमागे रोखलेल्या बंदुका, जवळ येणाऱ्या प्रत्येक वाहनाला इशारा, आणि इशारा न मानल्यास गोळी. दुसरी मिसळून जाण्याची. शहरात सर्वत्र दिसते तशी जुनी मोटार, आतून बसवलेले चिलखत, स्थानिक चालक, अरबी जाणणारा रक्षक, साधे कपडे. पहिल्या पद्धतीत प्रवाशाचे महत्त्व साऱ्या शहराला कळते. दुसरीत ते कोणाला कळूच नये अशी खटपट असते. दुसरी पद्धत निर्धोक आहे असे मुळीच नाही. ओळख पटली की तिच्याजवळ माघारीची ताकद कमी असते. तरीही व्यावसायिक प्रवाशापुरते बोलावयाचे तर, प्रस्तुत लेखकाच्या मते, तिचा पक्ष अधिक बळकट आहे. कारण राजदूताप्रमाणे राष्ट्राची प्रतिष्ठा मिरवण्याची जबाबदारी उद्योजकावर नसते.

पहिल्या पद्धतीचा हिशेब २ ऑक्टोबर २००७ रोजी अमेरिकी प्रतिनिधिगृहाच्या समितीसमोर झालेल्या सुनावणीच्या निमित्ताने उघड झाला. तो परराष्ट्र खात्याच्या कंत्राटाचा असला तरी खासगी उद्योगांसही लागू पडतो, कारण बाजार एकच होता. समितीच्या टिपणानुसार ब्लॅकवॉटरच्या एका रक्षकामागे सरकारकडून दिवसाला १,२२२ डॉलर आकारले जात. २००५ पासून या कंपनीचा १९५ गोळीबारांच्या प्रसंगांत सहभाग होता, आणि त्यांपैकी ८० टक्क्यांहून अधिक प्रसंगांत पहिली गोळी कंपनीच्या माणसांनी झाडली होती. आपल्या संरक्षणाखालील एकही व्यक्ती मारली गेली नाही, असे कंपनीच्या प्रमुखांनी याच सुनावणीत सांगितले.

ही दोन्ही विधाने एकत्र वाचली पाहिजेत. करारातील यशाचा निकष ग्राहकाचा जीव एवढाच असेल, तर संशय येताच गोळी झाडणे हे रक्षकाच्या दृष्टीने शहाणपणाचेच ठरते. धोका नाहीसा होत नाही. तो मोटारीच्या आतून बाहेर, शेजारून जाणाऱ्या माणसाकडे सरकवला जातो. अर्थशास्त्राच्या अध्यापकांना यात बाह्य परिणामांचे परिचित प्रमेय दिसेल. कारखाना सांडपाणी नदीत सोडतो आणि त्याची किंमत खालच्या गावाने मोजावी, तसाच हा व्यवहार.

निसूर चौक आणि कायदा

ती किंमत किती असू शकते हे या सुनावणीच्या सुमारे दोन आठवडे आधीच, १६ सप्टेंबर २००७ रोजी, दिसले होते. शहरात दुसरीकडे झालेल्या स्फोटानंतर ब्लॅकवॉटरच्या चार चिलखती गाड्यांनी निसूर चौकातील वाहतूक रोखली आणि गोळीबार केला. १७ इराकी नागरिक मृत्युमुखी पडले. ज्यांच्यासाठी संरक्षण घेतले होते त्यांपैकी कोणीही त्या गाड्यांत नव्हते.

इराकी न्यायालयात खटला चालू शकत नव्हता. हंगामी प्रशासनाच्या १७ क्रमांकाच्या आदेशाने, सत्तांतराच्या तोंडावर २७ जून २००४ रोजी सुधारलेल्या स्वरूपात, कंत्राटदारांना कंत्राटाच्या कामातील कृत्यांबाबत इराकी न्यायप्रक्रियेपासून अभय दिले होते. अमेरिकेत खटला उभा राहिला. २०१४ मध्ये चौघे दोषी ठरले आणि २२ डिसेंबर २०२० रोजी राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी चौघांनाही माफी दिली. दरम्यान १ जानेवारी २००९ पासून अंमलात आलेल्या अमेरिका-इराक कराराने अमेरिकी कंत्राटदारांवरील अधिकारक्षेत्र मुख्यत्वे इराककडे आले. परदेशी रक्षकांचे अभय संपल्याचा प्रत्यय लवकरच आला. २००९ मध्ये एका ब्रिटिश रक्षकाने ग्रीन झोनमध्ये आपल्याच दोन सहकाऱ्यांना गोळ्या घातल्या. २०११ मध्ये त्याला बगदादच्या न्यायालयाने २० वर्षांच्या कारावासाची शिक्षा दिली. नेमणुकीपूर्वी त्याच्या मानसिक स्वास्थ्याची व पूर्वेतिहासाची नीट चौकशी झाली नव्हती.

आंतरराष्ट्रीय पातळीवर सप्टेंबर २००८ मध्ये १७ राष्ट्रांनी माँत्रो दस्तऐवज संमत केला. २०१० मध्ये ५८ कंपन्यांनी आचारसंहितेवर सह्या केल्या, आणि तिच्या देखरेखीसाठी २०१३ मध्ये जिनिव्हात संघटना स्थापन झाली. माँत्रो दस्तऐवज बंधनकारक नाही, आणि संहितेतील सदस्यत्व ऐच्छिक आहे. तथापि नेमणूक करणाऱ्याच्या हाती यातून एक साधन आले आहे : कंपनी या संघटनेची सदस्य आहे काय, हे त्याला विचारता येते.

भारतीय संदर्भ

भारतातील खासगी सुरक्षा संस्था (नियमन) अधिनियम, २००५ यातील कलम ५ नुसार देशातील संस्थेस परदेशात सेवा देण्यासाठी नियंत्रक प्राधिकाऱ्याची परवानगी लागते, आणि ती देताना केंद्र सरकारचा सल्ला घ्यावा लागतो. भारतीय कंपनीने परदेशातील संस्थेकडून परदेशातच अंगरक्षक घेतल्यास मात्र हा परवान्याचा कायदा तेथपर्यंत पोहोचत नाही. म्हणजे रक्षकाच्या वर्तनावर भारतीय कंपनीचे जे काही नियंत्रण राहील ते करारातूनच येणार.

त्यामुळे करारात दराच्या आणि मोटारींच्या जोडीने काही गोष्टी लेखी असाव्यात. रक्षक कोणत्या देशाच्या न्यायालयास उत्तरदायी, त्याचा स्थानिक परवाना कोणता, शस्त्र केव्हा वापरावे याचे नियम काय, झाडलेल्या प्रत्येक गोळीची नोंद किती तासांत कोणाकडे जाईल, आणि वाटेवरच्या माणसास इजा झाल्यास भरपाई कोणाच्या विम्यातून मिळेल. प्रवाशालाही वाहन थांबवण्याचा, भेट रद्द करण्याचा अधिकार असावा. ‘परत फिरू’ असे म्हणण्याचे धाडस पगारी रक्षकास प्रत्येक वेळी होईलच असे नाही.

आणखी एक कलम आपल्याकडील कंपन्यांनी विशेषत्वाने पाहावयास हवे : संरक्षण कोणाकोणास? जुलै २००४ मध्ये इराकमध्ये एका कुवेती वाहतूक कंपनीच्या सात ट्रकचालकांचे अपहरण झाले. त्यांत तीन भारतीय, तीन केनियन व एक इजिप्शियन होता. १ सप्टेंबर रोजी ते सुटले. अधिकाऱ्याच्या दोन दिवसांच्या दौऱ्यासाठी चिलखती मोटार मागवली जाते. वर्षभर त्याच रस्त्यावरून माल वाहणाऱ्या चालकाचे नाव सुरक्षेच्या आराखड्यात अनेकदा नसतेच.