तबला नसताना तबल्याचा सराव

आपल्या शाळेत तबल्याची जोडी एकच आणि शिकणारे सहा जण. प्रत्येकाचा नंबर आठवड्यातून एकदा, तोही अर्धा तास. घरी कुणाकडेच तबला नाही. मग सराव करायचा कशावर, असं म्हणून पुष्कळजण महिन्याभरात येणंच सोडतात. पण मित्रांनो, तबल्याचा निम्मा सराव तबल्याशिवायच होतो.

तबल्याच्या अक्षरांना बोल म्हणतात. ते आधी तोंडात बसवायचे, मग हातात. थोर तबलावादक उस्ताद झाकीर हुसेन (१९५१–२०२४) यांना त्यांचे वडील उस्ताद अल्लारखाँ पहाटे उठवून तोंडी बोल शिकवीत. त्यांच्या घरी काय तबल्यांचा तोटा होता? तरी तोंडीच!

आता त्रिताल पाहा. मात्रा १६, खंड ४.

धा धिं धिं धा । धा धिं धिं धा ।
धा तिं तिं ता । ता धिं धिं धा ।

१, ५ आणि १३ व्या मात्रेवर टाळी द्यायची. ९ वी मात्रा खाली, तिथं टाळी न देता हात उलटा करायचा. हे शाळेच्या वाटेवर, शेळ्या राखतानासुद्धा म्हणता येतं.

खरी गंमत पुढं आहे. 'धा' म्हणजे उजवीकडचा तबला आणि डावीकडचा डग्गा एकदम. 'ता'ला तबला एकटाच. म्हणून १० ते १३ या चार मात्रांत डग्गा घुमवायचा नाही, १४ व्या मात्रेला तो परत येतो. पण डावा हात कुठला ऐकतोय! नवीन मुलं हमखास इथंच अडतात, आणि अडली की पुन्हा पहिल्या 'धा'पासून सुरू करतात. त्यामुळं येत असलेल्या आठ मात्राच घोटल्या जातात, अवघड जागा तशीच राहते. त्यापेक्षा ९ ते १६ एवढाच तुकडा घ्यावा. मांडीवर दोन्ही हातांनी, तोंडानं बोल म्हणत, घड्याळाच्या सेकंदाला एक मात्रा, इतका सावकाश. दहा वेळा नीट आला की मग मागचा भाग जोडावा. घाई करू नये. हाताला अक्कल नसते, चुकीचं वाजवलं तर तो चुकीचंच पाठ करतो.

डबा मात्र बडवू नका. जोरात हाणायची सवय लागते आणि शेजारी ओरडतात ते वेगळंच.

पालकांना एक विनंती. रविवारी दोन तास बसण्यापेक्षा रोजची पंधरा मिनिटं बरी. तेवढा वेळ मुलगा किंवा मुलगी तेच तेच पुटपुटत असेल, तर "काय येड्यासारखं चाललंय?" असं म्हणू नका. तो अभ्यासच आहे.

आणि नंबर येईल त्या दिवशी आवाजाकडं लक्ष द्या, कारण ते मांडीवर शिकता येत नाही. 'ना' वाजवताना पहिलं बोट काठावर पडतं, करंगळीशेजारचं बोट शाईच्या कडेला नुसतं टेकलेलं असतं. ते दाबलं की आवाज मरतो. बोल आठवण्यातच अर्धा तास गेला, तर हे कधी बघणार? येताना हात धुऊन कोरडे करून या. तेलाच्या हातानं पुडी खराब होते.